खिंडीचा वारा

"हसायचं न्हाई," असं म्हणत घाटगे मेजरनी ड्रॉवरमधून नेलपॉलिशची बाटली काढली.

मी हसले नव्हते. हसण्याच्या अगदी बेतात होते, एवढंच. साडेपाच फुटांचा, मिशांना पीळ दिलेला, गुडघेदुखीनं जरा लंगडणारा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस लालभडक नेलपॉलिशची बाटली हलवतोय, हे दृश्य चोविसाव्या वर्षी गंभीर चेहऱ्यानं बघणं अवघड असतं.

घाटगे मेजर आमच्या पोलीस मुख्यालयाचे आरमोरर. म्हणजे सगळ्या बंदुका सांभाळणार, उघडणार, जोडणार ते. आमच्याकडे जुन्या हवालदाराला मेजर म्हणतात, तसे ते मेजर. हत्यारांच्या खोलीला पोलिसांत कोत म्हणतात आणि त्या कोताच्या उंबरठ्याच्या आत त्यांच्याशिवाय कुणी पाय टाकायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. साहेब लोकसुद्धा खिडकीतूनच बोलायचे. मला मात्र त्या दिवशी उंबरठ्यापर्यंत यायची परवानगी मिळाली होती, कारण माझ्याच रायफलीवर दुर्बीण बसत होती आणि मी दोन दिवस त्यांचं डोकं खाल्लं होतं.

"बघायचं असंल तर बघ. पर हात मागं."

मी हात मागे बांधून उभी राहिले. टेबलाला लोखंडी पकड बसवलेली होती. तिच्यात रायफल उभी, म्हणजे नेहमी धरतो तशी, घट्ट धरलेली. मेजरनी आधी खालच्या पट्टीचे स्क्रू आवळले, मग दोन कड्या बसवल्या, कड्यांमध्ये दुर्बीण नुसती ठेवली.

"आता ही आपल्याभवती फिरती का न्हाई? फिरू द्यायची. अन् आता बघ भिंतीकडं."

समोरच्या भिंतीवर खिळ्याला पांढरा दोरा बांधून पितळेचा ओळंबा सोडलेला होता. ओळंबा मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील गवंडी. मी चालायला लागले तीच ओळंबा हातात धरून, असं आई म्हणते.

"दुर्बिणीत एक उभी तार असती, एक आडवी. उभी तार दोऱ्यावर नेऊन बसवायची. दोरा तारंमागं लपला, की दुर्बीण सरळ." मेजर डोळा लावून बोटाच्या टोकानं दुर्बीण केसभर फिरवत राहिले. मग थांबले. "लपला. आता स्क्रू. पर एक स्क्रू एकदम आवळला की दुर्बीण फिरलीच म्हणून समज. हितला पाव फेरा, मग तिरपा समोरचा पाव फेरा. घाई करायची न्हाई."

शेवटी त्यांनी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका अर्धा स्क्रूवर, अर्धा कडीवर. स्क्रू सैल झाला की ठिपका फुटतो आणि लगेच कळतं.

"पयल्यांदा बाटली घेतली तवा आमच्या मंडळींनी इचारलं, कुणासाठी नेताय. मी म्हनलो रायफलीसाठी. तीन दिवस ताट वाढलं न्हाई तिनं."

मग मात्र मी हसले. मेजरनी रायफल पुसून उंबरठ्यावरून माझ्या हातात दिली. तेव्हा मला वाटलं, जगात हिच्याइतकी सरळ वस्तू दुसरी नसेल.

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. राज्याच्या नेमबाजी स्पर्धेत आमच्या मुख्यालयाचे चार नेमबाज जायचे. तिघं जुनेच होते. चौथ्याची बदली झाली होती आणि ती एक जागा रिकामी होती. मला ती जागा हवी होती. उगाच विनय कशाला, मला ती जागा इतकी हवी होती की वायरलेसच्या ड्यूटीवर बसल्या बसल्या मी पेन्सिलीनं नेम धरायचे. आमच्या मुख्यालयातून या स्पर्धेला आजवर बाई गेलेली नव्हती. आणि वडिलांनी तर गावात सांगूनही टाकलं होतं की पोरगी राज्याला चाललीय. गवंडी माणूस पाया भरायच्या आधी कळस सांगत नाही, पण पोरीच्या बाबतीत ते सगळं विसरले.

आमची रेंज मुख्यालयाच्या खाली डोंगराच्या पायथ्याशी होती. डाव्या हाताला डोंगरात एक खिंड. नव्या माणसाला रेंजवर पहिली ओळख करून दिली जायची ती या खिंडीची.

मी शंभर मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा, मधोमध. तीनशेवर मारल्या. एक बोट उजवीकडे. पाचशेवर मारल्या. चार बोटं उजवीकडे. सगळ्या एकत्र, गुण्यागोविंदानं, पण चार बोटं उजवीकडे.

पथक बघणारे निरीक्षक शिर्केसाहेब माझ्यामागे वेताची छडी घेऊन उभे होते.

"कुराडे, वारा धर."

"सर, वारा कुठाय?"

"खिंडीतनं येतो. इथं कळत नाही, पुढं असतो. पाचशेला चार बोटं डावीकडं धरायचं. सगळे धरतात."

मी समोर बघितलं. रेंजभर कमरेएवढं गवत होतं आणि त्यातली एक काडी हलत नव्हती. पण निरीक्षकांना गवत दाखवायची माझी तेव्हा नोकरी नव्हती.

दुसरी एक गोष्ट मला खटकत होती. निशाणाच्या फळीची उभी कड आणि दुर्बिणीतली उभी तार जुळत नव्हती. तार वरच्या बाजूनं जराशी उजवीकडे कललेली दिसायची. गवंड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे म्हणजे दातात अडकलेल्या शेवग्याच्या शिरेसारखं. स्वस्थ बसवत नाही. म्हणून मी रायफल थोडी डावीकडे कलवली, तार फळीच्या कडेवर आणून बसवली आणि वारा-बिरा काही न धरता दोन गोळ्या झाडल्या.

दोन्ही मधोमध.

तेवढ्यात साहेबांची छडी रायफलीवर टक्कन वाजली. "कुराडे, रायफल वाकडी धरलीस. दोन पाय दिलेत तिला, त्यावर सरळ उभी राहू दे." त्यांनी स्वतः वाकून रायफल सरळ केली. मी पुन्हा झाडल्या. पुन्हा चार बोटं उजवीकडे.

"मधल्या दोन तुक्का होत्या," साहेब म्हणाले. "आणि घोडा दाबताना झटका पण मारतेस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटची चाचणी. तोवर वारा धरायला शीक, नाहीतर वायरलेस आहेच."

संध्याकाळी रायफल जमा करताना मी खिडकीतून हळूच म्हणाले, "मेजर, तार जरा वाकडी वाटतीय."

मेजर रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "काय वाकडी?"

"उभी तार. रायफल सरळ केली की तार कलते. तार सरळ केली की रायफल कलते."

"तीस वरसं हत्यारं बघतोय मी. तुझ्या वयाएवढी तर माझी नुसती स्क्रूडायव्हर हायती. तुझी मान वाकडी असंल."

आणि खिडकी बंद. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रायफल द्यायचे, सही घ्यायचे, खिडकी लावायचे.

त्यातल्याच एका दुपारी मी मेसमध्ये तोंड पाडून जेवत होते. आमच्या मेसचा कारभार सर्जेराव खराडे बघायचे. चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, कायम कुणाची तरी थट्टा करणारे. शिपाईच, पण पोळ्या लाटणारे शिपाई. त्यांनी माझ्या ताटात न मागता एक पोळी टाकली.

"कुठं जातीया गोळी?"

"उजवीकडं."

"किती?"

"पाचशेला चार बोटं."

खराडे लाटणं हातात घेऊनच माझ्यासमोर बाकावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. "मलाबी चारच," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी ते पथकात होते. इतर सगळ्यांसारखं त्यांनाही वारा धरायला सांगितलं. त्यांनी गवताकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, वारा नाही, तर धरू कसा. त्या वेळचे साहेब कडक होते. त्यांनी कागदावर 'घोड्याला झटका मारतो' असं लिहिलं आणि खराडेंना पथकातून काढलं.

"पोळ्या लाटायला झटका चालतो, म्हनून हितं."

"आणि बाकीचे धरतात, त्यांच्या गोळ्या बरोबर लागतात."

"हितं लागत्यात. राज्याला गेल्यावर? तिथं ना खिंड, ना वारा. मग सरळ धरत्यात अन् चार बोटं उजवीकडं घालवून येत्यात. परत येऊन सांगत्यात, तिथंबी वारा हुता, पर दिसला न्हाई. सहा वरसं शेवटनं पयला नंबर हाय आपला." ते हसले, पण मनापासून नाही. "तू शानी असशील तर धर बाई डावीकडं. मी न्हाई धरलं, आता कनीक मळतोय."

मी शहाणी व्हायचं ठरवलं. हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी निमूटपणे चार बोटं डावीकडे धरायला लागले आणि गोळ्या मधोमध जायला लागल्या. साहेब म्हणाले, "बघ, वारा कळला की नाही?" मी म्हणाले, "कळला, सर." जागा जवळजवळ माझी झाली होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि वर्षातून तेवढा एकच दिवस कोताचा उंबरठा सगळ्यांना मोकळा असतो. आदल्या दुपारी खोली धुऊन, टेबलापुढे रांगोळी काढायचं काम महिला शिपायांकडे. बाकीच्या दोघी बंदोबस्ताला गेल्या होत्या, म्हणून मी एकटीच बादली आणि खराटा घेऊन आत शिरले. मेजर अजून फुगलेलेच होते. स्टुलावर बसून पितळेच्या पट्ट्या घासत होते.

मी खोलीच्या मध्यावर बादली ओतली.

पाणी जरासुद्धा थांबलं नाही. सगळंच्या सगळं डाव्या भिंतीकडे धावलं, भिंतीच्या कडेच्या पन्हळीत पडलं आणि कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर गेलं. मी अनवाणी होते. तळव्यांना उतार चक्क लागत होता.

"मेजर, ही खोली आधी कशाची होती?"

"संस्थानच्या घोड्यांची पागा. सहा वरसं झाली कोत हितं आणून. भिंतीत कड्या दिसत न्हाईत का?"

कड्या होत्या. गुडघ्याच्या जरा वर, ओळीनं, गंजलेल्या. गवंड्याच्या पोरीला पुढचं सांगावं लागत नाही. जिथे जनावर बांधायचं तिथे जमिनीला ढाळ द्यायचा, मूत आणि पाणी एका अंगाला निघून जायला हवं. ज्यानं कुणी ती फरशी बसवली होती त्यानं काम अगदी चोख केलं होतं. सोप्यात बसवलेल्या फरशीपेक्षा दुप्पट ढाळ होता.

मी टेबलाकडे बघितलं. टेबल त्याच फरशीवर उभं होतं. त्याच्या डाव्या कडेला लांबच्या लांब लाकडी पट्टी ठोकलेली होती.

"ही पट्टी कशाला मारलीय, मेजर?"

"स्क्रू खाली पडत्यात. बारीक असत्यात, हुडकून मान मोडती."

"डावीकडंच पडतात?"

"व्हय. कायम डावी..." मेजर तिथेच थांबले. हातातली पितळी पट्टी तशीच राहिली.

पूजेसाठी आणलेलं परातीसारखं मोठं ताट मी टेबलावर ठेवलं आणि त्यात तांब्यातलं पाणी ओतलं. डाव्या बाजूला पाणी ताटाच्या काठाला लागलं. उजव्या बाजूला ताटाचा तळ कोरडाच राहिला.

मेजर उठले. चष्मा लावून ताटाकडे बघितलं, मग वाकून टेबलाच्या पायांकडे, मग भिंतीवरच्या ओळंब्याकडे. एखाद्या माणसाला मोठं गणित मनात करताना बघावं तसं मी त्यांना बघत होते. ओळंब्यात काही खोट नव्हती. दोरा सरळ होता आणि दुर्बीण त्या दोऱ्याशी अगदी बरोबर जुळवलेली होती. फक्त पकडीतली रायफल टेबलाबरोबर डावीकडे झुकलेली होती. झुकलेल्या रायफलीवर सरळ दुर्बीण. बाहेर नेऊन रायफल सरळ उभी केली, की दुर्बीण तेवढीच उजवीकडे झुकायची. जवळच्या निशाणाला काही कळत नाही. पण लांबच्यासाठी दुर्बिणीची चकती फिरवून नेम वर चढवायचा असतो, आणि कललेल्या दुर्बिणीवर वर चढवलं की नेम सरळ वर न जाता थोडा उजवीकडे सरकत वर जातो. जितकं लांब, तितका जास्त.

"म्हंजे वारा..." मेजर म्हणाले.

"वारा नाही, मेजर."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "सर्जेरावबी ह्येच म्हनला हुता. खिडकीतनं. तार वाकडी हाय म्हनला. मी त्याला म्हनलो, तुझी नजर वाकडी."

मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. चाचणी तीन दिवसांवर होती. मी घाईघाईनं म्हणाले, "मेजर, कुणाला सांगायची गरज नाही. टेबलाखाली पाचरी मारू, पथकाच्या सहाही रायफली नीट करू. चूप."

मेजरनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

सुतारखात्यातून मी दोन लाकडी पाचरी आणल्या. टेबलाच्या डाव्या पायांखाली त्या ठोकल्या आणि ताटातलं पाणी चारी बाजूंनी सारखं होईपर्यंत सरकवत राहिले. मग मेजरनी एकेक रायफल पकडीत घेतली, नेलपॉलिशचे ठिपके खरवडले, कड्या सैल केल्या आणि दुर्बीण दोऱ्यावर आणली. तिसऱ्या रायफलीला त्यांनी स्क्रूडायव्हर माझ्या हातात दिला. "पाव फेरा," एवढंच म्हणाले. मी आवळत गेले, ते डोळा लावून तारेवर नजर ठेवत गेले. दिवस मावळायच्या आत सहाही झाल्या. त्या दुपारी मला इतकी मजा आली की जागा, चाचणी, वडिलांनी गावात सांगितलेलं, सगळं विसरायला झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर आम्ही जमलो. आधी जुने तिघं पाचशेवर आडवे झाले. तिघांनी सवयीनं वारा धरला. तिघांच्या गोळ्या चार बोटं डावीकडे गेल्या. बटमधून, म्हणजे निशाणाखालच्या खड्ड्यातून, वायरलेसवर गुण यायला लागले तसा साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं रे तुम्हाला?"

त्यातला एक डोकं खाजवत म्हणाला, "सर, आज वारा पडलाय."

मी ओठ दातांखाली धरला. तेवढ्यात मागून पावलं वाजली. घाटगे मेजर आले होते. पूर्ण गणवेशात, पट्टा चकचकीत, टोपी सरळ. रेंजवर ते कधीच येत नसत.

"साहेब, वारा पडला न्हाई," ते म्हणाले. "वारा कधी नव्हताच."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पागा, ढाळ, टेबल, पट्टी, सहा वर्षं, सहा रायफली. एक शब्द लपवला नाही. शेवटी म्हणाले, "चूक माझी. कुराडेनं दावली."

शिर्केसाहेब खिंडीकडे बघत राहिले. मग तिघांकडे, मग पुन्हा खिंडीकडे. आता कुणाचं तरी निलंबन होणार, असं मला वाटलं. पण साहेबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. ते हसत होते. "सहा वर्षं," ते कसेबसे म्हणाले, "सहा वर्षं आपण त्या खिंडीला शिव्या घातल्या."

सगळेच हसले. मेजर तेवढे हसले नाहीत.

"साहेब, अजून एक हाय. ह्याच्यापायी एक मानूस मेसमदी गेलाय. त्याच्या कागदावर झटका लिवलाय. तो झटका माझा हाय."

हसणं थांबलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. जागा एकच होती आणि ती कुणाची ठरली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"कुराडे," ते म्हणाले, "दहा-दहा गोळ्या. तू आणि खराडे, एकाच रायफलीवर. तुला चालेल?"

खरं सांगते, त्या क्षणी मला घाटगे मेजरचा संताप आला. मी म्हणाले होते ना, कुणाला सांगू नका म्हणून. मी दुपारभर पाचरी ठोकल्या त्या काय माझीच जागा उखडायला? पण तिघं बघत होते, साहेब बघत होते, आणि 'नाही' म्हणायला तोंड उघडलं तर आतून 'चालेल, सर' असंच बाहेर आलं. साहेबांनी खराडेंना बोलावणं धाडलं.

खराडे चढावरून धावत आले. कोपरापर्यंत पीठ. काय झालंय ते त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं असावं, कारण ते कुणाकडे न बघता थेट हौदावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

मी आधी झाडल्या. वारा धरला नाही. तार निशाणाच्या कडेशी जुळत होती, रायफल दोन पायांवर सरळ होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. शंभरपैकी चौऱ्याण्णव. आमच्या रेंजवर पाचशेला एवढे कुणाचेच झाले नव्हते. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

मग खराडे आडवे झाले. "दादा, हात बसलाय का अजून?" मी विचारलं. मला उत्तर 'नाही' असं हवं होतं, हेही खरं.

"रोज पहाटं मेसच्या मागं इटेवर नेम धरतो," ते गालाला रायफल लावता लावता म्हणाले. "लाटनं घिऊन. गोळी तेवढी नसती."

नऊ गोळ्यांना पंच्याऐंशी झाले. शेवटची नऊची लागली तर बरोबरी, दहाची लागली तर ते पुढे. खराडेंनी गालावरून रायफल काढली, मान वर केली आणि गवताकडे बघितलं. काडी हलत नव्हती. पुन्हा गाल टेकवला आणि सावकाश, अजिबात झटका न मारता, घोडा दाबला.

वायरलेस खरखरला. "दहा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खराडे तसेच पालथे पडून राहिले, कपाळ हातावर टेकवून. तिथूनच त्यांचा आवाज आला, "वारा नव्हता न्हवं?"

"नव्हता, दादा," मी म्हणाले. माझा आवाज मला हवा तेवढा सरळ नव्हता.

आमच्या रेंजवर एक रीत आहे. समोरासमोरच्या चाचणीत जो हरतो, त्यानं जिंकणाऱ्याची रायफल खांद्यावर घेऊन चढ चढायचा आणि कोतात नेऊन पुसून ठेवायची. मी पुढे झाले आणि रायफलीला हात घातला. माझ्या हातावर दुसरा हात पडला.

"ऱ्हाऊ दे," घाटगे मेजर म्हणाले. "तू न्हाईस हरलेली."

त्यांनी रायफल उचलली, खांद्याला लावली आणि चढाकडे वळले. खराडे धडपडत उठले. शिपायाची रायफल मेजर वाहतोय, असं आमच्यात कधी होत नाही.

"मेजर, द्या इकडं. तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा हाय. तू म्होरं चाल."

"आवं, पर..."

"चार वरसं मागं ऱ्हायलास न्हवं? आता म्होरं चाल म्हनतोय."

खराडे पुढे झाले. कपड्यांना पीठ, डोळ्यांना पाणी, आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून पाठीमागे बांधलेले. त्यांच्यामागे लंगडत, दर दहा पावलांवर थांबत मेजर. त्यांच्यामागे मी, रायफलीखाली टेकवायची वाळूची छोटी पोती काखेत मारून. जागा माझ्या हातातून गेली होती, घरी वडिलांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं, आणि तरी मला चढभर हसू येत होतं. रडूही येत होतं, पण हसू जास्त.

राज्याला मी राखीव म्हणून गेले, हत्यारं बघायला. आम्ही तिसरे आलो. वडिलांनी गावात सांगितलं की माझ्या पोरीनं सहा बंदुकांचा ढाळ काढला. त्यावरून लोकांना काय समजलं असेल, देव जाणे.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी चढ संपला, मेजर पायरीवर बसून गुडघा चोळायला लागले आणि मी तिथेच त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. आरमोररच्या कोर्ससाठी अर्ज लिहिला. कोर्स का करायचा आहे, ते लिहिताना बराच वेळ अडले. मेजरना विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, खरं काय ते लिव. मग मी लिहिलं, आवड.